नॅसला दोन केबल आहेत, तरी संध्याकाळी पानच उघडत नाही. मॅनेजमेंट वेगळं काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

टॉवेलवाला_आयटी

नमस्कार मंडळी. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेल-चादरीचा कारखाना आहे आणि तिथलं वायर असलेलं जे जे काही, ते माझ्या गळ्यात. टॅली, बारकोड, कॅमेरे, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद, सगळं. नेटवर्किंग काम करता करताच शिकलोय, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे आठ डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना फायली देणारी पेटी) आहे. त्यावर डिझाईन रूमच्या जकार्डच्या फायली आहेत (एकेका डिझाईनच्या सतरा आवृत्त्या, पुसायची कुणाची छाती होत नाही). टॅली आणि बारकोड ज्या व्हर्च्युअल मशीनवर चालतात त्यांचं आयस्कझी लन (नेटवर्कवरून वापरायची डिस्क) तिथंच आहे. रात्री कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगची कॉपीही तिथंच पडते.

नॅसच्या मागे १ गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. ज्यांनी बसवून दिला त्यांनी दोन्ही केबल एकाच स्विचला लावल्या, एका पोर्टला १९२.१६८.१.५० दिला, दुसऱ्याला १९२.१६८.१.५१. "एक मॅनेजमेंटचा, एक डेटाचा, आता काळजी नाही" असं सांगून चहा पिऊन गेले. डिझाईनवाल्यांचे ड्राइव्ह ५१ वर मॅप आहेत. मॅनेजमेंट म्हणजे नॅसच्या सेटिंगचं पान, त्यासाठी मी ब्राउझरमध्ये ५० उघडतो.

संध्याकाळी सातला बॅकअप सुरू होतो, त्याच वेळी डिझाईन रूम दिवसभराचं काम नॅसवर टाकते, आणि माझं ५० चं पान फिरत बसतं. परवा बॅकअप अडकला. थांबवावा म्हटलं तर पान उघडेना, एसएसएचही (कमांड देऊन आत शिरायची वाट) लागेना. शेवटी बटण दाबून ठेवून बंद केला. चालू झाल्यावर रेडची (डिस्कच्या गटाची) तपासणी रात्रभर चालली आणि सकाळी डिझाईन रूममधून बोंब.

त्यानंतर गंमत म्हणून ५१ ची केबल नॅसमधून उपसली. तरी ५१ ला पिंग चालूच! हे कसं काय बे?

तर विचारायचं असं की मॅनेजमेंट आणि डेटा वेगळा ठेवायचा तो वेगासाठी की सुरक्षेसाठी? आणि ठेवायचा कसा? स्विच चोवीस पोर्टचा मॅनेज्ड आहे, त्यात १० गिगाबिटच्या दोन जागा रिकाम्या आहेत, पण पेटीतून काढला तसाच चालू आहे. नॅसमध्ये १० गिगाबिटचं दोन पोर्टचं कार्ड बसतं. सर्व्हरमध्ये १० चा एक पोर्ट आधीच पडून आहे. कार्डाला मालक हो म्हणालेत, नव्या स्विचला नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षतेच्या दिवशी कारखाना बंद असतो, तेव्हाच काय ते हात घालता येईल.

पूर्वभाग_नेट

व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) टाक आणि मोकळा हो की बे. मॅनेजमेंट १०, डेटा २०. अर्ध्या तासाचं काम.

जुना_रॅक

अर्ध्या तासात व्हीलॅन पडेल, काम होणार नाही. आधी त्या पिंगचं कोडं सोडवू, कारण सगळी मेख तिथंच आहे.

तुमच्या नॅसच्या पोटात बहुतेक लिनक्स असणार. लिनक्सच्या हिशेबात आयपी पत्ता हा पोर्टचा नसतो, अख्ख्या मशीनचा असतो. डिझाईन रूमचा पीसी नेटवर्कवर हाळी देतो, "५१ कोण?" दोन्ही पोर्ट एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात), एकाच स्विचवर, त्यामुळे हाळी दोन्हीकडे ऐकू जाते आणि दोघांपैकी कुणीही "मीच" म्हणू शकतो. ज्याचं उत्तर पीसीच्या यादीत बसलं, त्या पोर्टकडे माल जाणार. ५१ ची केबल उपसली तरी ५१ हा पत्ता मशीनवर आहेच, मग ५० चा पोर्ट त्याच्या नावानं ओ देतो. हे लिनक्समध्ये मुद्दाम असंच ठेवलेलं आहे.

दुसरी बाजू बाहेर पडणाऱ्या मालाची. नॅसच्या राउटिंग टेबलात १९२.१६८.१ कडे जायच्या दोन वाटा आहेत, दोन्ही सारख्याच. तो एक पकडतो आणि तिनंच सगळं पाठवतो. म्हणजे डिझाईनची फाईल वाचायला मागितली काय आणि तुम्ही ५० चं पान मागितलं काय, उत्तर एकाच केबलमधून. बसवणाऱ्यांनी केबल दोन लावल्या, वाट एकच ठेवली.

खात्री करून घ्या. डिझाईन रूमच्या दोनतीन पीसींवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी -ए' मारा (त्या हाळीलाच एआरपी म्हणतात) आणि ५० व ५१ पुढचे मॅक पत्ते, म्हणजे पोर्टचे स्वतःचे क्रमांक, बघा. ते सारखे दिसले तर मी म्हणतो तेच आहे. यावर लिनक्समध्ये कर्नलच्या सेटिंगनं उपाय निघतो, एआरपी इग्नोर आणि एआरपी अनाउन्स नावाची दोन बटणं आहेत. पण तयार नॅसच्या आत शिरून ती फिरवत बसू नका. अपडेट आलं की पुसली जातात, आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही की काय फिरवलं होतं. सबनेटच वेगळा करा, प्रश्नच उरत नाही.

आता वेग की सुरक्षा. दोन्ही थोडंथोडं मिळतं, पण मी ज्या कारणासाठी आयुष्यभर ही भांडणं केली ते तिसरंच आहे. डेटाच्या बाजूला आग लागलेली असताना तुम्हाला आत शिरता आलं पाहिजे. बॅकअप थांबवायचा, एखादा पीसी वेड्यासारखा फायली लिहीत असेल तर त्याला तोडायचं, निदान नॅस नीट बंद करायचा. परवा तुम्हाला बटण दाबावं लागलं ना, तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

मात्र एक बघून घ्या, नाहीतर कार्डाचे पैसे वाया जातील. पान उघडत नाही याचं कारण दर वेळी केबल नसतं. नॅसचा प्रोसेसर किंवा डिस्क गुदमरल्या असतील तर वेगळ्या पोर्टनंही पान तसंच फिरत राहील, कारण ते पान तोच प्रोसेसर बनवतो. म्हणून आधी फुकटची परीक्षा. ५१ वाली केबल स्विचमधून काढा, त्या पोर्टला १९२.१६८.१०.५० द्या, गेटवे (सबनेटबाहेर जायची वाट) रिकामा. आधी ड्राइव्ह मात्र तात्पुरते ५० वर वळवा. लॅपटॉपला १९२.१६८.१०.५ देऊन थेट त्या पोर्टात खुपसा आणि संध्याकाळी सात वाजता पान उघडा. झटकन उघडलं तर वायर दोषी. नाही उघडलं तर डिस्क नाहीतर प्रोसेसर, आणि मग चर्चा वेगळी.

टॉवेलवाला_आयटी

काका, साष्टांग. एआरपीमध्ये ५० आणि ५१ पुढे अक्षर न् अक्षर तोच मॅक. डिझाईन रूमच्या सगळ्या मशीनवर.

लॅपटॉपचीही परीक्षा केली. सातला बॅकअप सुरू केला, डिझाईनवाल्यांना मुद्दाम मोठ्या फायली टाकायला लावल्या. ऑफिसच्या पीसीवर ५० मेलेला, आणि लॅपटॉपवर १०.५० जिवंत! नेहमीपेक्षा जरा सुस्त, पण उघडलं, लॉगिन झालं, आलेखही दिसले. पहिल्या पोर्टचा आलेख सेकंदाला ११२ मेगाबाइटच्या आसपास छताला चिकटलेला, सरळ रेघ. एसएसएचमधून 'टॉप' मारलं तर प्रोसेसर बऱ्यापैकी मोकळा होता.

सुस्ती कशाची असेल? आणि आता कार्ड घेऊ ना?

जुना_रॅक

घ्या. १ गिगाबिटच्या वायरीतून वरचा खर्च वजा जाता फायलींसाठी सेकंदाला ११०-११५ मेगाबाइट मिळतात, तुम्ही काठोकाठ भरलेले आहात. सुस्ती डिस्कची असेल, 'टॉप'मध्ये 'डब्ल्यूए'चा आकडा बघा, तेवढा वेळ प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलेला असतो. थोडा असणारच, बॅकअप चालू आहे.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं.

तुमचा ५१ हा पत्ता डेटाकडेच ठेवा. सगळ्यांचे ड्राइव्ह तिथं मॅप आहेत, प्रत्येक मशीनवर जाऊन बदलायची हौस कुणाला? नव्या कार्डाचा एक पोर्ट स्विचच्या १० च्या जागेत लावा आणि त्याला १९२.१६८.१.५१ द्या. बिचाऱ्या डिझाईन रूमला काही बदललं हे कळणारही नाही. बदलायचं ते मॅनेजमेंटचं, कारण तिथं जाणारे तुम्ही एकटे.

कार्डाचा दुसरा पोर्ट थेट सर्व्हरच्या १० च्या पोर्टाला जोडा, मध्ये स्विच नकोच. आयस्कझी हा दोघांमधला खाजगी मामला आहे. छोटा वेगळा सबनेट द्या, १०.१०.३०.१ आणि १०.१०.३०.२. गेटवे नाही, डीएनएस नाही. या एकाच केबलवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० करा, दोन्ही टोकांना. व्हर्च्युअल मशीनवाल्या सर्व्हरवर व्हर्च्युअल स्विच मध्ये असेल तर त्यालाही. मग 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून ८९७२ बाइटचा पिंग मारा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ गेले की ८९७२ उरतात. तो गेला तर जंबो फ्रेम (ही मोठी पाकिटं) खरंच चालू आहे. एका टोकाला ९००० आणि दुसऱ्याला १५०० राहिलं तर साधा पिंग हसत जातो, लॉगिन होतं, आणि खरा माल सुरू झाला की लन लटकतं. लोक दिवसच्या दिवस डिस्कला शिव्या घालत बसतात. मॅनेजमेंटकडे आणि ऑफिसकडे १५०० च राहू द्या.

एकच केबल म्हणजे ती गेली की टॅली गेली, हे खरं. एक जास्तीची केबल आणून ठेवा. पुढे पैसे मिळाले तर दुसरी वाट वेगळ्या सबनेटमधून काढून मल्टिपाथ (त्याच डिस्ककडे दोन वाटा) करा.

आता मॅनेजमेंट. नॅसचा जुना पहिला पोर्ट स्विचवर व्हीलॅन १० मध्ये, १९२.१६८.१०.५०. दुसरा जुना पोर्ट बंद. त्याच व्हीलॅनमध्ये स्विचचा स्वतःचा पत्ता, सर्व्हरचा रिमोट मॅनेजमेंटचा पोर्ट आणि यूपीएसचं कार्ड घ्या. स्विचवरचा एक पोर्ट व्हीलॅन १० मध्ये रिकामा सोडा, त्यात लाल केबल लावून रॅकला गुंडाळून ठेवा. फायरवॉल बंद पडला तरी लॅपटॉप खुपसून आत जाता आलं पाहिजे. रोजच्या कामासाठी फायरवॉलमध्ये नियम करा की फक्त तुमच्या पीसीवरून व्हीलॅन १० कडे ४४३ आणि २२ (वेब पान आणि एसएसएच), बाकी कुणालाही काहीही नाही. वायफायवरून तर नाहीच.

कामाचा क्रम चुकवू नका. आधी नवा मॅनेजमेंट पत्ता उभा करा, त्यातून लॉगिन करून बघा, तो ब्राउझर उघडा ठेवा, आणि मगच जुन्याला हात लावा. स्विचचंही तसंच. ज्या पोर्टवरून तुम्ही स्विचमध्ये बसला आहात त्याचाच व्हीलॅन बदलला की फांदी तुटली.

आणि पूर्वभागवाल्यांना मी जे म्हणालो की व्हीलॅननं काम होत नाही, ते यासाठी. एवढं सगळं केलं तरी नॅस अजून दोन्हीकडे सगळंच वाढतोय. ५१ वर ब्राउझर नेला की ॲडमिनचं पान उघडतं, आणि १०.५० वर शेअरही उघडतात. वायर वेगळी झाली, सेवा नाही. कुठली सेवा कुठल्या पत्त्यावर ओ देईल ते नॅसला सांगावं लागतं. ट्रूनॅसमध्ये वेब पानाचा पत्ता वेगळा बांधता येतो, एसएमबी, एनएफएस (दोन्ही फायली वाटायच्या सेवा) आणि आयस्कझीचे वेगळे. क्यूनॅपमध्ये सर्व्हिस बाइंडिंग नावाचं पानच आहे. सायनॉलॉजीमध्ये फायरवॉलचे नियम प्रत्येक पोर्टसाठी वेगळे लावता येतात, तिथं ५००० आणि ५००१ (ॲडमिनचं पान) डेटाच्या पोर्टवर बंद करायचे आणि ४४५ (एसएमबी) मॅनेजमेंटच्या. तुमचा कुठलाही असो, ही सोय कुठेतरी असतेच, शोधा. मोठ्या पेट्यांमध्ये ही विभागणी कारखान्यातूनच येते. नेटॲपच्या मागे पान्याचं चित्र असलेला ई-झीरो-एम पोर्ट असतो, एचपीईच्या एमएसएमध्ये प्रत्येक कंट्रोलरला मॅनेजमेंटचा वेगळा पोर्ट असतो. आपल्या छोट्या नॅसमध्ये सगळे पोर्ट दिसायला सारखे, म्हणून ते आपल्याला करावं लागतं.

एसएमबीची तर आणखी एक खोड आहे. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून मल्टिचॅनल (एकाच वेळी अनेक वाटांनी माल ओढणं) आलं. पीसी ५१ वर शेअर उघडतो, पण नंतर नॅसलाच विचारतो की तुझे अजून पत्ते कुठले, आणि पोहोचता आलं तर तिकडूनही माल ओढतो. म्हणजे तुमच्या पीसीला फायरवॉलमधून १०.५० दिसतो आणि ४४५ उघडा राहिला, तर डेटा गुपचूप मॅनेजमेंटच्या वायरीत शिरू शकतो. बांधून टाका.

पूर्वभाग_नेट

काका, मान्य. पण दोनच पोर्टचा नॅस असेल आणि मालक कार्डाला पण नाही म्हणाला, तर? मी दोन गिऱ्हाईकांकडे दोन्ही पोर्ट एलएसीपीनं (दोन केबल मिळून एक करायची पद्धत) बांधले आणि त्यावर टॅग करून दोन व्हीलॅन सोडले. छान चाललंय. एक केबल तुटली तरी दोन्ही व्हीलॅन जिवंत.

जुना_रॅक

चालतं, आणि दोनच पोर्ट असतील तर कदाचित तेच बरं. फक्त दोन भ्रम ठेवू नका. एलएसीपीमध्ये एका संभाषणाला एकच केबल मिळते, त्यामुळे एकट्या पीसीची एक फाईल दुप्पट वेगानं जात नाही, दहा पीसी असले तर वाटणी होते. आणि वायर सामायिक असल्यामुळे डेटा तुंबला की मॅनेजमेंटही त्याच रांगेत उभं राहतं, स्विचवर त्या व्हीलॅनला प्राधान्य दिलं नसेल तर. नॅसकडून बाहेर पडताना तर ते प्राधान्यही बहुतेक पेट्यांत देता येत नाही. म्हणजे आत कोण शिरणार याचा बंदोबस्त झाला, तुंबल्यावर शिरता येईल याचा नाही. टॉवेलवाल्यांचं दुखणं दुसरं आहे. आयस्कझी मात्र अशा बांधलेल्या पोर्टांवर टाकू नका, त्याला मल्टिपाथच.

सातरस्ता

वेगाचं सगळं बोलून झालं म्हणून मी दुसरं टोक धरतो. टॉवेलवाले, तुमच्या राउटरमध्ये नॅसच्या पानासाठी पोर्ट फॉरवर्ड (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) केलेलं आहे का, आणि यूपीएनपी (उपकरणांना अशी वाट आपोआप उघडू देणारी सोय) चालू आहे का, ते आजच बघा. अक्षतेपर्यंत थांबू नका. आपल्याकडे कॅमेरेवाले येतात, मालकांच्या मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून राउटरमध्ये भोकं पाडतात आणि पासवर्ड कुणालाच न सांगता जातात.

नॅसवरचे गाजलेले हल्ले आठवा. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनोलॉकर सायनॉलॉजीच्या जुन्या आवृत्त्यांवर आला. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह लोकांच्या घरात बसल्या बसल्या फॅक्टरी रीसेट झाले, वर्षानुवर्षांचे फोटो साफ. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टनं क्यूनॅपच्या पेट्या कुलूपबंद केल्या आणि लॉगिनच्या पानावरच खंडणीची चिठ्ठी लावली. त्या वेळी खुद्द क्यूनॅपनं लोकांना सांगितलं की पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करा. भोक प्रत्येक वेळी वेगळं होतं, पण सापडल्या त्या इंटरनेटवरून दिसणाऱ्या पेट्या. ॲडमिनचं पान फक्त व्हीलॅन १० मध्ये असेल तर बाहेरच्याला ते दिसतच नाही. डिझाईन रूममधल्या कुणी ईमेलमधलं भलतंच काही उघडलं, तरी तो विषाणू शेअरवरच्या फायली खराब करेल, पण नॅसच्या पानात शिरून स्नॅपशॉट (फायलींच्या आधीच्या स्थितीच्या नोंदी) पुसू शकणार नाही. त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड आणि शेअरचा पासवर्ड मात्र एकच नको!

आणि लॉग. सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेत. नॅसचे सिसलॉग (घडामोडींच्या नोंदी) आणि वेळ मॅनेजमेंटच्या वाटेनंच जाऊ द्या.

टॉवेलवाला_आयटी

सातरस्ता, बघितलं. यूपीएनपी चालू होतं, आणि नॅसनं स्वतःच राउटरकडून एक वाट मागून घेतलेली दिसली. लगेच बंद केलं. कॅमेऱ्याचं भोकही बुजवलं, मालकांना व्हीपीएनमधून चित्र दाखवतो म्हटलं. पहिल्यांदा कुरकुरले. मग सांगितलं की माल भरायचं गेट आणि ऑफिसचा जिना एकच ठेवला तर ट्रक अडकल्यावर तुम्हीच वर कसे जाणार. तेव्हा "करा करा" म्हणाले. आठवड्यानं काम करून कळवतो.

टॉवेलवाला_आयटी

झालं एकदाचं. बाकी सोलापूर नंदीध्वजांच्या मागे आणि मी रॅकच्या मागे. पंख्याच्या जाळीत टॉवेलचा तंतू इतका बसला होता की आधी ब्रशनं खरवडण्यातच वेळ गेला. मग कार्ड बसवलं. ८९७२ चा पिंग पहिल्यांदा गेला नाही, सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल स्विचवर १५०० राहिलं होतं. ते बदलल्यावर गेला. काका, हे आधी सांगितलं नसतं तर मी केबल बदलत बसलो असतो.

तपासणी अशी केली. डिझाईन रूममधून ५१ वर ॲडमिनचं पान उघडत नाही. माझ्या पीसीवरून १०.५० वर शेअर उघडत नाही. मोठी फाईल टाकताना मॅनेजमेंट पोर्टचा आलेख जमिनीला चिकटून. संध्याकाळी सातचा बॅकअप मुद्दाम चालवला, पान एका दमात उघडलं, बॅकअप थांबवून परत चालू केला. सुट्टीच्या दिवशी तो बघून आनंद झालेला सोलापुरातला मी एकटाच असेन.

आता भानगड. पुणे रोडवर चिंचोळी एमआयडीसीत आमचं गोदाम आहे, तिथले लोक व्हीपीएनमधून ५१ वरचा पॅकिंग लिस्टचा फोल्डर उघडतात. त्यांचा सबनेट १९२.१६८.५. आज त्यांना फोल्डर उघडत नाही. इथं ऑफिसात सगळ्यांना उघडतो. व्हीपीएन चालू आहे, इथल्या प्रिंटरला चिंचोळीहून पिंग जातो. नॅसचं काय बिघडलं?

जुना_रॅक

नॅसचा डीफॉल्ट गेटवे आता कुठे आहे? मॅनेजमेंटला, १९२.१६८.१०.१, बरोबर?

टॉवेलवाला_आयटी

हो. अपडेट, मेल, घड्याळ तिकडून जावं म्हणून. ५१ ला गेटवे रिकामा ठेवलाय.

जुना_रॅक

मग बरोबर केलंय, फक्त नॅसला चिंचोळी कुठे आहे ते माहीत नाही. चिंचोळीची मागणी फायरवॉलमधून येऊन ५१ वर पोहोचते. उत्तर द्यायची वेळ आली की नॅस बघतो, १९२.१६८.५ हा काही माझ्या शेजारचा नाही, मग पाठवा डीफॉल्ट गेटवेकडे. आणि उत्तर निघतं मॅनेजमेंटच्या पोर्टातून. फायरवॉलनं मागणी ऑफिसच्या बाजूला जाताना बघितली होती, उत्तर व्हीलॅन १० कडून येतंय म्हटल्यावर तो ते फेकून देतो. ऑफिसवाल्यांना त्रास नाही कारण ते नॅसच्याच सबनेटमध्ये आहेत, तिथं गेटवे लागतच नाही.

दुसरा डीफॉल्ट गेटवे टाकायचा मोह होईल, टाकू नका. दोन असले की कधी हा, कधी तो, आणि बिघाड सोमवारी दिसतो, मंगळवारी दिसत नाही. नॅसमध्ये स्टॅटिक रूटचं पान शोधा आणि लिहा, १९२.१६८.५.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, पोर्ट ५१ वाला. एवढंच. पुढे अजून कुठे शाखा काढलीत तर तिचीही अशीच एक ओळ. आणि उद्या चिंचोळीत दुसरा नॅस ठेवून रेप्लिकेशन (त्यावर आपोआप प्रत) लावलंत तर तेही डेटाच्याच वाटेनं जाऊ द्या. सेटिंग मॅनेजमेंटच्या पानावर केली म्हणून वाहतूक मॅनेजमेंटची होत नाही, टेराबाइटनं जाणारा माल आहे तो.

टॉवेलवाला_आयटी

उघडला! ओळ टाकली आणि चिंचोळीहून फोन, "साहेब, आला फोल्डर." काका, सोलापुरात असाल तर शेंगाचटणी पोचवतो, नसाल तर पार्सल.

मेलची सूचना पण तपासली, चाचणीचा मेल आला. एनटीपी (घड्याळ) जुळलं.

पूर्वभाग_नेट

माझ्या वाटची चटणी कुठाय बे? पहिलं उत्तर मी दिलं होतं.

जुना_रॅक

चटणीचं नंतर. स्विचवरचा कॉन्फिग सेव्ह केलाय का? बऱ्याच स्विचमध्ये बदल लगेच लागू होतात, पण सेव्ह वेगळं करावं लागतं. वीज गेली आणि यूपीएसनं दगा दिला तर स्विच पुन्हा पेटीतून काढल्यासारखा उठेल, सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये. सेव्ह करा, त्याची फाईल उतरवून घ्या आणि ती फाईल नॅसवर ठेवू नका, पेनड्राइव्हवर ठेवा. नॅसच्या सेटिंगचीही तशीच.